माझ्या पोकळ गिटारीतलं सागवान

३ एप्रिल, शुक्र.
बाभुळगावचा कार्यक्रम. माझं आईवरचं गाणं. दुसऱ्याच ओळीला गिटार कोकलली. मांडवभर लोकांनी कानात बोटं घातली. आमची गाण्याची पार्टी चालवणाऱ्या वामनकाकांनी हार्मोनियम सोडून थेट माइकवरून, सगळ्यांसमोर, "पोरी, बंद कर ते बोंबलनं!"
पार्टीतल्या दुसऱ्या गिटारवाल्या सलीमभाईंची गिटार त्याच स्पीकरच्या बॉक्सशेजारी गुमान. त्यांची सेमी म्हणजे अर्धी पोकळ, आत मधोमध लाकडाचा ठोकळा. माझी पूर्ण पोकळ. बॉक्सचा आवाज तिच्या पोटात शिरतो, अंग थरथरतं, तोच आवाज पुन्हा बॉक्समधून बाहेर. काकांना किती वेळा सांगितलं, बॉक्स जरा पुढे घ्या.
"बॉक्स मंडळवाल्यायनं लावले. म्या नाही."
म्हणजे बॉक्स हलणार नाही, मीच हलायचं. पुढची गाणी मागे कोरसमध्ये बसून. डोकं फिरलंय नुसतं.

५ एप्रिल
सलीमभाईंनी त्यांची सेमी दिवसभरासाठी दिली. दोन्ही आळीपाळीने वाजवल्या. तेच गाणं, तीच बोटं.
सेमी: सूर लांब टिकतो, एकसारखा. आवाज कितीही वाढवा, तक्रार नाही. जड आहे, खांदा दुखला.
माझी: सूर लवकर संपतो. पण तार छेडली की आधी लाकडातून धप्प असा श्वास येतो, मग सूर. वायर न जोडताही खोलीभर ऐकू येते. ते गाणं मी त्या श्वासावरच म्हणते. सेमीवर म्हणून पाहिलं. बरोबर आलं. नुसतंच बरोबर.
दादा त्याच्या फर्निचरच्या दुकानात पलंगाला पॉलिश मारत होता, हात पुसत आला. दोन्हींच्या भोकांतून टॉर्च मारून आत पाहिलं. "हिच्यात तं मस्त लाकूड भरलं हाय. तुह्यातलं कुठी गेलं?"
"माझ्यात नसतंच."
"नसतंच कसं? ठगवलं तुले बाई."
आई आणि मी पोट धरून हसलो. उद्या ढाणकी, मावशीच्या घरचं लग्न. गिटार नेत नाही, बसमध्ये चेंगरेल.

१० एप्रिल
ढाणकीहून आले तर दादा दारातच उभा, चेहरा फुललेला. "डोये मिट." मिटले. गिटार हातात दिली आणि वजनावरूनच कळलं. मागची पाठ काढून आत सागवान बसवलंय. वरपासून खालपर्यंत. जोड दिसतसुद्धा नाही, इतकं सफाईने. पलंगाचा उरलासुरला तुकडा नाही, चांगल्यातलं निवडून.
"काकाच म्हने, होत असन तं करून टाक. आता कोनी बोंबलते म्हनू नाही शकत तुले."
काकांना विचारलं. सलीमभाईंची गिटार टॉर्च मारून तपासली. मला तेवढं कुणी विचारलं नाही. फोन होता ना माझ्याकडे? ढाणकीला रेंज नाही की काय?
मी ओरडले. शेजारी बाहेर आले. येऊ देत.

११ एप्रिल
बोलणं बंद. आई: "भावानं हौसेनं केलं वो, एवढं कायले लावून घेतं मनाले?" जेवले नाही.
काका येऊन वाजवून गेले. खूश. जणू त्यांचीच.

१३ एप्रिल
आज कार्यक्रमात गाणं मिळालं. बॉक्स अगदी कानाशी. गिटार एकदाही कोकलली नाही. शेवटचा सूर एवढा टिकला की मलाच थांबवावा लागला. टाळ्या. वन्समोअर!
आणि मला सगळ्यांचा राग आला. टाळ्यांचा पण. चांगली वाजते, याचा तर सगळ्यात जास्त. वाईट वाजली असती तर दादाच्या अंगावर फेकली असती. आता काय फेकू?
तो श्वास गेला. समोर बसलेल्या एकालाही कळलं नाही.

१७ एप्रिल
दादाशी कडाक्याचं भांडण. अखेर झालं एकदाचं.
"मले वाटलं बनवनाऱ्यानं लाकूड खाल्लं. मी काय दुश्मन हाओ तुहा?"
"दुश्मन असतास तर निदान विचारलं असतंस! आपलं समजतोस म्हणून विचारलं नाहीस."
म्हटलं, ती माझी होती रे. या घरात तेवढीच एक वस्तू होती जी मी निवडून आणलेली. पोकळ पाहिजे म्हणूनच आणलेली. मग रडू आलं, त्याचाही राग.
तो रंधा घेऊन बसला.

२० एप्रिल
सलीमभाई आले होते. दादा स्वतः त्यांच्याकडे गेला होता म्हणे, दोन्ही प्रकार समजून घ्यायला. "मैंने बोला, भाई, दोनो असली है. एक को दुसरा बनाना नहीं रहता." दादा तिथून खाली मान घालून निघाला.

२२ एप्रिल
संध्याकाळी दादा दुकानातून आला, समोर बसला. म्हणाला, लाकूड निघेल. पाठ पुन्हा उघडावी लागेल, वरची फळी पातळ आहे, तडकूही शकते. "आता तू सांग. तुह्या सांगन्याबिगर हात नाही लावत."
रविवारी झरीचा कार्यक्रम. काकांनी बजावलंय, पुन्हा पोकळ केली तर कोरसमध्ये, आणि ते गाणं काकाच म्हणणार. पाठ चिकटवलेला सरस सुकायला वेळ लागतो, म्हणजे उद्या सकाळी सांगायलाच हवं.
लाकूड राहिलं तर गाणं माझं, आवाज नाही. काढलं तर आवाज माझा, गाणं नाही.
इतके दिवस एकच धोशा, मला का विचारलं नाही. आता विचारलं. काकांवर चिडता येतं, बॉक्सवर चिडता येतं, दादावर आता चिडताही येत नाही. तो तसाच बसून होता. "मंग? काढू का ठेवू?"
मी म्हटलं, "घाई करू नको मला."
तो अजून ओट्यावर बसलाय.