उपडं ताट

२ डिसेंबर

आलो बाई एकदाची कळंब्यात. गडमुडशिंगीतनं निघताना दोन पिशव्या, कुकर आणि भाकरीचा तवा एवढंच घेतलं. फ्लॅट अनुजाचा. अनुजा माझ्या भावाची पोरगी, वकील हाय. दुसरा मजला, गॅलरीतनं तलाव दिसतोय, वारा गार, नळाला पाणी दिवसभर. मी म्हटलं, हितं मी म्हातारी व्हायचीच न्हाय. अनुजा म्हणली, आत्ती, सासष्टची झालीस, आता आणि कवा व्हणार?

ही डायरी तिनंच दिली, खताच्या दुकानातनं मिळालेली. रोज लिही म्हणली. पोरगी काय जेवली, कुठं गेली, दारात कोण आलं. उद्या पोरीच्या लोकांनी कोर्टात काय काढलं तर उपयोगी पडंल. मी सातवी नापास, चाळीस वर्सं पिठाची गिरण चालवलेली बाई. आले-गेले असं शुद्ध लिही म्हणली. मी म्हटलं, जशी बोलतो तशीच लिहिणार, न्हाय जमत तर दुसरी आत्ती बघ.

पोरगी म्हंजे रक्षिता. बॉर्डरकडं एका डोंगरावर मठ हाय, तिथं जन्मली, तिथंच वाढली. ते लोक स्वतःला आतले म्हणत्यात, आपण समदे भायले. आतल्या पोरींनी दोनच बायकांसंगं बोलायचं. हाक मारायची न्हाय, टाळी वाजवायची. आणि अठरा पुरी झाली की जन्माचं मौन. त्याला जीभ बांधणं म्हणत्यात. त्याच्या चार दिवस आधी ही एकटी डोंगर उतरून अनुजाकडं आली. आता अठरा झाली, कोण ओढून नेऊ शकत न्हाय. मार्चमधे बाहेरनं धाव्वीला बसणार. तवर मी तिच्याजवळ ऱ्हायचं, तिला जेवू घालायचं, एवढंच काम. त्यात काय अवघड?

५ डिसेंबर

पोरगी ग्वाड हाय, पण लई बडबडी. अठरा वर्सांचं तुंबलेलं बोलणं माझ्याच कानात वतती. मी जेवल्याबिगर जेवत न्हाय, तिकडची सवय. मी म्हटलं, असली नाटकं हितं चालायची न्हाईत, माझ्याबरोबर बस. आता दोघी एकदमच बसतो.

आज मिसळ खायाला नेली. वाढपी म्हणाला, ताई, अजून कट देऊ? तर हिचं डोळं भरलं. मी म्हटलं, एवढं तिखट लागलं? तर म्हणली, न्हाय आजी, त्यानं मला इचारलं. माझ्याकडं बघून इचारलं.

सांजच्याला बोटांवर मोजाय लागली. आज तिच्याशी किती माणसं बोलली. वाढपी, रिक्षावाला, क्लासच्या बाई, समोरची स्नेहल, पेरूवाली, आणि मी. सहा. मी म्हटलं, मला कशाला धरतीस? मी तर नुसती वरडतो. म्हणली, त्ये बी धरायचं.

८ डिसेंबर

मंगळवार पेठेत गेलतो. तिच्या आधारचं काम केलं. दाही बोटं झकास उमटली. टेलरकडं ड्रेस टाकला. टेलर म्हणाला, गळा कसला ठेवू? हिला कळंना, कारण आजवर कुणी इचारलंच न्हवतं. अर्धा तास लावला. मी म्हटलं, अगं गळा हाय, संसार न्हवं, सांग पटकन.

आज अकरा माणसं बोलली म्हणं. नाचतच जिना चढली.

११ डिसेंबर

दुपारी पोरगी क्लासला गेलती. बारा वाजता बेल वाजली. अनुजानं बजावलं हुतं, वळखीबिगर दार उघडायचं न्हाय. पण दाराला कडी घालून बसायची मला सवय न्हाय. उघडलं.

एक पन्नाशीचा बाप्या आणि दोन बायका. पांढरी कापडं, अनवाणी. त्यो म्हणाला, मी भीमाप्पा, पोरीचा चुलता. मी म्हटलं, पावणं, पोरगी मिळायची न्हाय, आल्या पावली फिरा. त्यो म्हणाला, न्यायला न्हाय आलो अक्का, सोडून द्यायला आलोय.

एका बाईच्या हातात पितळी ताट हुतं. भात, दही, एक भाकरी. म्हणाला, पोरगी गेली तरी तिचं ताट आमच्यात रोज वाढावं लागतंय. आता ती तुमच्या हातचं जेवती. तवा ह्ये ताट तुमीच तिच्या नावानं उपडं घालायचं. घातलं की आमचा हक्क सुटला. परत ह्या दारात यायचो न्हाय.

आत कुकरच्या चार शिट्ट्या झालत्या, डाळ करपल्याचा वास सुटला हुता. समोरनं स्नेहल दार किलकिलं करून बघत हुती. म्हटलं, एवढंच न्हवं? आणा हिकडं. घेतलं आणि उंबऱ्यावर दणकन उपडं घातलं. झालं का समाधान?

तिघांनी हात जोडलं. ताट धरलेली बाई जरा येळ तशीच उभी हुती. मग तिचं तोंड हळूहळू मोकळं झालं, डोक्यावरचं वझं कुणीतरी उतरून घेतल्यागत. रिकामं ताट घेऊन गेली.

अनुजाला सांगितलं न्हाय. दार का उघडलं म्हणून उगं बोलणी कोण खाणार? पोरीला बी न्हाय सांगितलं. तसं बघाय गेलं तर मी दोन मिन्टात ब्याद घालवली. सांडलेला भात गॅलरीत चिमण्यांस्नी टाकला. सांज झाली तरी तसाच हाय. मुंगी बी लागली न्हाय.

१३ डिसेंबर

आज तीनच, म्हणली पोरगी. रिक्षात ती बसलेल्या जागेवरच रिक्षावाल्यानं एक बाप्या आणून बसवला. पोरगी आंग चोरून सरकली म्हणून बरं. मी वरडलो तर रिक्षावाला म्हणाला, मावशी, जागा मोकळी हुती की.

१६ डिसेंबर

क्लासात हजेरी घेताना हजर म्हणली. बाईंनी गैरहजर मांडलं. उभं राहून परत म्हणली. बाईंनी पुढचं नाव घेतलं.

टेलर म्हणाला, असला कुठला ड्रेस आमच्याकडं आलाच न्हाय.

जेवताना पोरगी म्हणली, आजी, मठात सांगायचे, आतलं माणूस भायेर गेलं की दिसायचं बंद होतंय. ते खरं असंल. पाप लागलं मला. मी आईला सोडून आले.

त्याच टायमाला मला त्ये ताट आठवलं. सांगायचं तोंडाशी आलं हुतं.

मी तिला वर भात वाढला आणि म्हटलं, गप जेव.

१९ डिसेंबर

आधारच्या कामाला परत गेलो. पोरीनं मशीनवर बोट ठेवलं. काय न्हाय. दाही ठेवली. काय न्हाय. मशीनवरची बाई मला म्हणली, मावशी, कुणाचं बोट घ्यायचंय? मी म्हटलं, हिचं की! डोळं हायत का गोट्या? ती शेजारणीला म्हणली, म्हातारीला कोणतरी घरी सोडा.

मागची पावती काढली. नावाच्या जागी कोरं.

येताना पोरगी मोजत न्हवती. मोजायला मी एकटीच उरलो.

२२ डिसेंबर

सकाळी दहाला अनुजा स्वतःच्या किल्लीनं दार उघडून आली. मला बघून दचकली. म्हणली, आत्ती, तू हितं कशी? ह्यो फ्लॅट तर भाड्यानं द्यायचाय.

पोरगी तिच्या म्होरं उभी. अनुजाताई, अनुजाताई करत हुती. अनुजानं तिच्या खांद्यावरनं हात नेला आणि पंख्याचं बटण दाबलं.

मी म्हटलं, रक्षिता, अगं, तुझी रक्षिता. कोण रक्षिता, म्हणली. ही डायरी वाचाय दिली. वाचली. म्हणली, आत्ती, गोष्ट झकास रचलीस, पण एकदा डॉक्टरला दाखवूया. नवं वर्स लागूस्तवर ऱ्हा, मग सोडतो गावाला.

तवा ताटाचं मी तोंडानं कबूल करायला पायजे हुतं. पण पोरगी तिथंच भिताडाला टेकून बसलेली. तिनं ऐकलं असतं. डायरीतलं वाचून अनुजा मोठ्यानं बोलंल म्हणून मी तिच्या तोंडाकडंच बघत हुतो. ती बोलली न्हाय. मला बरं वाटलं. असली मी.

२४ डिसेंबर

गावाला जातो असं पोरीला सांगितलं आणि मठावर गेलो. दोन यष्ट्या बदलल्या, मग डोंगर चढलो. गुडघं गेलं.

भीमाप्पानं ताक दिलं. शांत माणूस. मी म्हटलं, ताट सुलटं करा. काय पायजे त्ये करतो. म्हणाला, ताट घेऊन तुमच्याकडं आलतो एवढं ध्यानात हाय, अक्का. कुणाचं ताट, त्ये आता आठवत न्हाय. आमी कुणाला तोडत न्हाय. जेवू घालणाऱ्यानंच तोडावं लागतंय. सुलटं करायची रीत न्हाय. मी इचारलं, मग मला कशी दिसती? म्हणाला, उपडं घालणारा सगळ्यांच्या शेवटी इसरतोय.

मी म्हटलं, त्या दिवशी सांगायचं हुतंसा की! म्हणाला, तुमी इचारलंच न्हाय.

ती ताटवाली बाई तांदूळ निवडत हुती. शिवगंगा. रक्षिताची आई ती, पोरीनं ह्येच नाव सांगितलं हुतं; भायल्या घरातनं लगीन करून आलेली, म्हणून जीभ बांधलेली न्हाय. मी पोरीचं नाव घेतलं. डोळ्यांत राग न्हाय, पाणी न्हाय. म्हणली, मला लेकरूच झालं न्हाय अक्का, देवानं दिलंच न्हाय. आणि चांगली हसली.

त्ये हसू मी घातलं तिच्या तोंडावर.

२६ डिसेंबर

पोरीचं तोंड हलतंय. आवाज येत न्हाय. वही दिली, तिनं लिवलं. पान कोरं.

एकदम बसलो तरी अजून बी मी जेवायची वाट बघती. मी घास घेतला की घेती.

सांगितलं न्हाय.

२८ डिसेंबर

सरळ बघितलं की न्हाय दिसत. तव्याकडं बघत बोललो तर कडंला दिसती. दिवसभर तव्याकडं बघतो.

स्नेहल म्हणली, आजी, एकट्याच कुणाला वरडता वो?

३० डिसेंबर

न्हाय दिसली. कडंला बी न्हाय.

दोन कप च्या ठेवला. घटकाभरानं एक रिकामा.

हाय. हाय अजून.

३१ डिसेंबर

सांगितलं. सकाळी आठाला, सैपाकघरात, मोकळ्या पाटाकडं बघून. म्हटलं, तुझं काय बी चुकलं न्हाय. पाप-बिप काय न्हाय. मी केलं. कुकर वाजत हुता म्हणून केलं. तू आल्यावर तवाच सांगाय पायजे हुतं, न्हाय सांगितलं. तू स्वतःला दोष देत बसलीस आणि मी भात वाढत बसलो.

काय न्हाय. भांडं पडलं न्हाय, दार आपटलं न्हाय. आपटायचं तरी हुतं.

च्या तसाच ऱ्हायला. साय धरली. दुपारी बी तसाच.

१ जानेवारी

सकाळी नाव आठवंना. पोरीचं. मागली पानं काढून बघितलं. रक्षिता. हातावर पेनानं लिवलं.

दुधाची पिशवी एकच घेतली आज— दोन घेत हुतो— कशाला दोन—

हातावर बघितलं. रक्षिता.

आता माझ्याजवळ येळ न्हाय. जे काय करायचं त्ये आजच.

दुपार, बारा. भाकरी, आमटी केली. माझं ताट वाढलं, पाटापाशी ठेवलं. म्हटलं, पोरी, तू जेवतीस त्ये माझ्या हातचं, आणि तू वाट बघतीस म्हणूनच मी जेवतो, म्हंजे मला जेवू घालणारी तू. रीत बसती. माझ्या नावानं ह्ये उपडं घाल. तू असशील तिथं येतो. सोडवायचं मला जमत न्हाय, पण तुला एकटी ठेवायची न्हाय.

मागं माझं कोण वाट बघणारं न्हाय. अनुजा सोडून. ती बी इसरंल. तिला सोपं जाईल.

साडेबारा. काय न्हाय.

एक. भाकरी वातड झाली. अगं, घाल की. हाईस न्हवं? का गेलीस—

हातावर बघितलं. घामानं अक्षर पुसाय लागलंय. र— क्षि—

दीड. रागावली असशील तर रागानं घाल. माझी हरकत न्हाय. मला दोन सेकंद लागलं हुतं आणि तू दीड तास—

तू इचार करतीस. व्हय. मी केला न्हवता—

कुणासाठी बसलोय मी हितं— कोणतरी हाय— पोरगी— भुकेजलेली—

ताटाची कड आपसूक उचलली—

व्हय. तसंच. भिऊ नकोस. दोन्ही हातांनी धर पोरी, आमटी पातळ हाय, पायावर सांड—