यादीतलं पहिलं नाव

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, आणि मी पत्र लिहायला बसले ती आज, तेही काम पडलं म्हणून! रागावू नका. काल गुडगावला आमच्या साइटवर रामसेवक नावाचे मिस्त्री उन्हाने कोसळले. वाचले, दवाखान्यात आहेत. साइट इंजिनिअर म्हणून अहवाल मला उद्या द्यायचाय. भर दुपारी काम चालू ठेवायची परवानगी माझ्याच सहीची. मॅनेजर म्हणाले, "हार्ट का केस लिख दो ना, यार. आदमी तो बच गया."

कालपासून मला दिल्लीतल्या आर. के. पुरमची आपली गच्ची दिसते आहे.

मी तेव्हा दहावीत होते. तुमची पलटण संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या निळ्या टोप्या घालून एका वाळवंटी देशात निघाली होती, आणि तुम्ही पलटणीचे डॉक्टर. किती वर्षं वाट पाहिली होतीत अशा संधीची! टोपी घरी आली तेव्हा आरशासमोर ती तीन तऱ्हांनी घालून पाहिलीत. आई म्हणाली, "अहो नवरदेव, जेवायला चला."

जवानांसाठी माहितीपत्रक लिहायचं काम तुमच्याकडे आलं. ऊन, वाळू, माश्या, विंचू. दुसऱ्या कुणी पुस्तकातून उतरवून काढलं असतं. तुमचा मात्र आधी घरावर प्रयोग! बूट उलटे करून झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, हा नियम आम्हालाही लागू. आर. के. पुरमात विंचू कुठून येणार होता, बाबा? तरी मी महिनाभर शाळेचे बूट झटकत होते.

मग मे महिन्यात, लूचे भाजणारे वारे वाहत असताना, पूर्ण गणवेशात, हेल्मेट घालून, पाठीवर सामान घेऊन तुम्ही भर दुपारी गच्चीवर चालायला लागलात. आधी आणि नंतर वाण्याकडून आणलेल्या पोत्यांच्या काट्यावर वजन. शेजारच्या अंकलनी मला जिन्यात थांबवलं, "बेटा, डॉक्टर साहब की तबीयत तो ठीक है ना?" धरणीने पोटात घेतलं तर बरं असं मला झालं! तुम्ही मात्र खुशीत. "वृंदा, तहान खोटं बोलते बघ. तिच्या भरवशावर राहिलं तर माणूस निम्मंच पाणी पितो."

चौथ्या दिवशी मंगळवार होता. तुम्ही म्हणालात, "माझे अर्धे जवान मंगळवारी अळणी उपास करतात. नुसतं 'उपास करू नका' छापलं तर कोण ऐकणार? उन्हात तो उपास काय करतो, ते मला कळायला हवं." सकाळपासून मिठाचा कण नाही, पाणी मात्र भरपूर. तासाभराने मी वर आले तर तुम्ही टाकीजवळ आडवे. पोटऱ्या दगडासारख्या, डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हतात. तेवढी मी आयुष्यात कधी घाबरले नाही.

आई आणि मी तुम्हाला कसंबसं खाली आणलं, ओल्या चादरीत गुंडाळलं. संध्याकाळी शुद्ध नीट आल्यावर तुमचे पहिले शब्द काय? "पाणी तर प्यालो होतो. म्हणजे मीठच कमी पडलं. पण उपासाला मीठ खा असं सांगू कसं?" रडता रडता आई उखडली, "अहो, सैंधव चालतं की उपासाला! एवढे शिकलात आणि एवढं ठाऊक नाही?" तुम्ही ताडकन उठून बसलात. पत्रकात ते तसंच छापलं गेलं: उपासाच्या दिवशी पाण्यात लिंबू आणि सैंधव घ्या.

पण त्याच पत्रकात आणखी एक नियम होता, तुम्हीच घातलेला. या उन्हाळ्यात ज्याला ऊन लागून भोवळ आली, तो या खेपेला जाणार नाही. हुद्दा कोणताही असो. तुम्ही कागद माझ्यापुढे सरकवलात. "न जाणाऱ्यांची यादी कर. पहिलं नाव माझं."

"बाबा, आपण तिघंच तर होतो. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," एवढंच म्हणालात.

दुसऱ्या दिवशी टोपी परत केलीत. पलटणीबरोबर दुसरे डॉक्टर गेले. कॉलेजात मी ही गोष्ट विनोद म्हणून सांगायचे: आमचे बाबा गच्चीवर वाळवंट करायला गेले आणि चक्कर येऊन पडले! सगळे खो खो हसायचे, मीही.

मग तुमच्या तेराव्याला एक निवृत्त सुभेदार आले. म्हणाले, "लिस्ट में पहला नाम साहब का ही देखा, तो उसी शाम हम पाँच लोग खुद चलकर उनके पास गए. चक्कर हमें भी आए थे, छुपा रखे थे. वहाँ जाते तो शायद लौटते नहीं." बाबा, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत! इतकी वर्षं हसू दिलंत. का?

आमचे काचेचे टॉवर वर चढताना लोक माना वर करून बघत राहतात. मला तुमच्याकडे तसं बघावंसं वाटतं, आणि तुम्ही तर उंचीला जेमतेम पाच फूट चार इंच! एवढं मोठं माणूस आपल्याच घरात बूट झटकत होतं, आणि मला पत्ता नव्हता.

मला भीती वाटते आहे. नोकरी जाईल कदाचित. पण दवाखान्यात रामसेवकजींच्या बायकोने माझा हात धरून विचारलं, "मॅडम, कहते हैं इनका दिल कमज़ोर है. अब इन्हें काम पर कौन रखेगा?" मी मान खाली घातली. बाबा, तुम्हाला वचन देते, उद्या ऑफिसला जायच्या आधी मी तिच्याकडे जाईन, आणि तिच्या डोळ्यांत बघून सांगेन की तुमच्या नवऱ्याचं हृदय ठणठणीत आहे, चूक माझी होती.

तुमची,
वृंदा