जांभळीचा डहाळा

आत्या, आणि तो जांभळीचा ओला डहाळा दर वर्षी माझ्याच हातात का, हे तू शेवटपर्यंत सरळ सांगितलं नाहीस. दादाच्या हातात पेटता बोळा, दादा पुढे, रुबाबात. मी मागे, आग झोडपत, नाकातोंडात धूर. मी भांडलो की सगळ्या कापणीवाल्यांसमोर म्हणायचीस, "तुज्या हातात इस्तव दिला तर खारबावच्या टेसनापर्यंत पेटवत जाशील तू." सगळे हसायचे, दादा सगळ्यात जास्त. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस म्हणून मी ऐकून घ्यायचो, पण मनात म्हणायचो, एवढी ही जाळरेषा करायचीच कशाला? गवत वाळायला लागलं की तू माळाच्या कडेने विळ्याने दोन पट्टे साफ करून घ्यायचीस आणि दव असताना मधलं गवत जाळायचीस, म्हणजे रस्त्यावरून कोणाची विडी पडली तरी आग त्या काळ्या पट्ट्याशी येऊन थांबते आणि आतलं गवत तबेल्यांना विकता येतं. मी म्हणायचो, जळू दे की माळ, पावसात परत येतोच. तू म्हणायचीस, "गवत येल. झाडाचं पोर न्हाय येत." आणि डहाळा परत माझ्या हातात.

मी आता मेघालयात आहे. भिवंडीत लूमवर एक पाळी टिकलो, वडप्याच्या गोदामात दोन महिने, टेम्पोवर क्लीनर म्हणून त्याहून कमी. बूड टेकलं ते मोबाइलच्या टॉवरच्या कामात, कारण टॉवर उभा राहिला की निघायचंच असतं. इथे भिवंडी कोणाला माहीत नाही, सगळे मला बंबई म्हणतात. डोंगर मात्र तुला आवडले असते. गवताचे, गोल, एकामागे एक, आणि त्या गवतात पाइनची झाडं लांब लांब उभी, जशी काही भांडण होऊन वेगळी राहतात. पानं म्हणजे सुयाच, वारा आला की लांबून पाणी वाहत असल्यासारखा आवाज येतो. खोडं खाली काळी, वर तांबूस, आणि साल आपल्या कुंभ्याच्या झाडासारखी जाड, खवल्याखवल्यांची. आपल्या घरातला तो मऊ झाडू आठवतो, बाजारातून आणलेला, जो तू कोणाला हात लावू द्यायची नाहीस? ते गवत इथे उतारावर उगवतं, तुरे वाऱ्यावर हलत असतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तुला हाक मारणार होतो.

थंडीच्या शेवटी इथे डोंगर पेटतात. आग गवतातून धावत येते, पाइनच्या बुंध्याला चाटते आणि पुढे जाते, मोठ्या झाडाला काही होत नाही. थोड्याच दिवसांत राखेतून हिरवे कोंब, मग नेचे, मग गुलाबी फुलांची झुडपं. मी मनात म्हटलं, बघ आत्या, मी बरोबर होतो! पण आम्ही जिच्याकडे जेवतो त्या काँगने (इथे मोठ्या बाईला बहिणीसारखं काँग म्हणतात) मला तिच्या हॉटेलामागचा उतार दाखवला. तिथलं जुनं झाड वादळात पडलं, तेव्हापासून दर पावसात लाल माती सरकून तिच्या चुलीपर्यंत येते. पडलेल्या झाडाचं बी तिथे रुजतं, वीतभर रोपं होतात, बाटली घासायच्या ब्रशसारखी, आणि दर वर्षी आगीत जातात. "बड़ा वाला बचता है, बच्चा नहीं बचता," ती म्हणाली. म्हणजे आपण दोघंही बरोबर. असं तू असताना कधी झालं नव्हतं.

तिच्या उतारावर यंदाची आग अजून यायची होती, टॉवरचं लोखंड आलं नव्हतं आणि मला बसवत नव्हतं. मी म्हटलं, काँग, मी रेषा करून देतो. ती म्हणाली, "तुम आग से आग रोकेगा? मेरा दुकान जलाएगा तुम." तरी विळे दिले. पट्टे कापले, आणि सकाळी दवात पेटवायची वेळ आली तेव्हा माझा बिहारी जोडीदार म्हणाला, "ले बंबई, तू लगा." इतकी वर्षं जे मागत होतो ते समोर आलं, आणि मी म्हटलं, तू लाव, मी मागे राहतो. शेजारच्या पाइनची हिरवीगार फांदी तोडली आणि त्याच्या मागे झोडपत निघालो. आत्या, ती फांदीच पेटली! हिरवी फांदी, तडतड करत, राळेने, दिवाळीच्या फुलबाजीसारखी. मी आग विझवायची सोडून पसरवत होतो, ठिणग्या रोपांकडे उडत होत्या. काँग ओरडत आली, खालच्या ओढ्यावरच्या रुंद पानांच्या झाडाची फांदी माझ्या अंगावर फेकली आणि स्वतः ओल्या पोत्याने झोडपायला लागली. सहा-सात रोपं गेली, बाकीची राहिली. जोडीदार म्हणाला, "पहली बार देखा, आदमी आग को पंखा झल रहा है." काँग हसता हसता खालीच बसली. पुढे खरी आग आली तेव्हा ती आमच्या काळ्या पट्ट्याशी थांबली. आम्ही तिघं चहा घेऊन बघत बसलो होतो.

आता पाऊस सरलाय. रोपं माझ्या गुडघ्याला लागतात, यंदा माती चुलीपर्यंत आली नाही, आणि माझ्या भाताच्या ताटात मासळीचा एक तुकडा जास्त पडतो. मला मात्र रेषा संपल्यावरचा दिवस आठवतो. मी पायापासून कानापर्यंत काळा, आणि तू मला अकलोलीच्या गरम कुंडावर घेऊन निघालीस. दादा म्हणतो, मीपण. तू म्हणतेस, "तू कुठं काळा हायस?" तू माझी पाठ चोळतेस, पाणी काळं होतं, मग कागदात भजी. पाठ चोळताना म्हणाली होतीस, "पेटवणारा पुढं बघतो रं. तू मागं बघतोस." मला ते तेव्हा कौतुक वाटलंच नव्हतं.

तू गेल्यापासून दादाने रेषा केलेली नाही. गेल्या साली हायवेच्या बाजूने अर्धा माळ जळला, आवळ्याची रोपंही. फोनवर म्हणतो, "कोन करतंय आता त्ये? तू लांब बसून बोल." खरंय त्याचं. हे एवढं लिहिलेलं कुठे टाकणार, ते माझ्याच पेटीत राहील. डहाळा या वेळी मी आपणहून घेतला, एवढंच तुला सांगायचं होतं. दादाला मनीऑर्डर करतोय, निरोपाच्या जागेत लिहिलंय: दिवाळीनंतर दोन माणसं लाव, डहाळा तू घे, जांभळीचाच घे. माणसांचे सहाशे आणि कुंडावरच्या भज्यांचे शंभर, मिळून सातशे रुपये.