रुमालाखालचा हात

तात्या, तुम्ही गेलात तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्याच वर्षी मराठीच्या पेपरामागं मी शेळी काढली म्हणून गुरुजींनी मला पेपरासकट तुमच्यापुढं आणून उभं केलं होतं. तुम्ही कागद उलटासुलटा करून बघितला आणि गुरुजींना म्हणालात, "शेळी गाभण दिसतीया." गुरुजींना हसू आवरेना आणि माझी सुटका झाली. तर त्या शेळीचं पुढं असं झालं, की मी पुण्याला चित्रकलेच्या कॉलेजात चार वर्षं घातली, त्यात इलस्ट्रेशन घेतलं, म्हणजे गोष्टींच्या पुस्तकांतली चित्रं काढायची विद्या, आणि गेल्या महिन्यात शेवटचा निकाल लागला. पास झाले, चांगली पास झाले. तुम्ही म्हणाल, ह्याचं कॉलेज असतं व्हय? असतं. आणि त्याला चार वर्षं लागतात? लागतात. आई अजून सगळ्या गावाला "ती ड्रॉइंगची टीचर हुनार हाय" असंच सांगते. मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

पहिलं वर्ष मी नुसती बिचकून होते. वर्गातली बाकीची पोरं कॉफीचे कप, मांजरी, खिडकीत केस मोकळे सोडून बसलेल्या मुली असलं काहीबाही काढायची, म्हणून मीही तेच काढायचे. आपल्या घरात कॉफी कुणी प्यालं नव्हतं, आणि खिडकीत केस सोडून बसलं असतं तर आईनं वेणीला धरून आत ओढलं असतं. पण काढत होते बापडी. हाताला कोळसा, नाकाला कोळसा, वसतिगृहाच्या उशीला कोळसा. मेसमधल्या मावशी म्हणायच्या, "पोरी, कॉलेजला जाती का वखारीत?" पण खरं सांगू, मजा लई यायची. जिवंत माणूस समोर बसवून दोन मिनिटांत काढायचा, मग एका मिनिटात, मग अर्ध्या. शाई सांडायची, रंग एकमेकांत घुसायचे, सबमिशनच्या आदल्या दिवशी सगळ्या वर्गाला एकच कात्री सापडायची. असं वेड्यासारखं काम करताना कुणी रागवत नाही, उलट मार्क देतात, हे मला कितीतरी दिवस खरंच वाटत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी एका पोरानं शेतकऱ्याच्या आयुष्यावर चित्रं केली. भिंतीवर लावली, सगळे वाहवा करतायत, मॅडम रेषेचं कौतुक करतायत, आणि मी मागं तोंडावर ओढणी धरून फिदीफिदी हसतेय. मॅडमनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, "मॅडम, त्यानं बैलाला गाईसारखे सड काढलेत." मग जो हशा उठला म्हणता! तो पोरगा सगळ्यात मोठ्यानं हसला, बिचारा. मॅडम हसून डोळे पुसत म्हणाल्या, "तुला एवढं माहीत आहे, तर तू का मांजरी काढत बसलीस?" शेवटच्या वर्षाला एक अख्खं चित्रांचं पुस्तक करायचं असतं. ते बेल्ह्याच्या बैलबाजाराचं करायचं, हे त्याच तासाला ठरलं.

दिवाळीला घरी आले तेव्हा आईला सांगितलं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मला वाटलं, "बैलाचं काय पुस्तक करायचं?" म्हणेल. तिनं भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं, आणि मग भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं बघून म्हणाली, "मग ह्यांना काढ की." तुमचा एकच फोटो आहे, तात्या, कसल्यातरी फॉर्मसाठी काढलेला. त्यात टोपी, चेहरा आणि शर्टाची दोन बटणं, खाली काही नाही. आई म्हणाली, "फोटूत निस्तं डोस्कं हाय. सोळा वर्सं त्याच डोस्क्याकडं बघतीय मी. बाजारात कसं हुबं ऱ्हायचं, कसं बोलायचं, ते काढ. तू जायाची ना संगं." मी म्हटलं, काढते. तोंडानं म्हटलं खरं. पण तुम्ही माझ्याकडून पुसट होत चालला होतात. आवाज आठवायला गेलं की शेजारच्या काकांचा यायचा, चाल आठवायला गेलं की भलत्याच कुणाची. आईनं इतक्या वर्षांत माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि ती माझ्याजवळ पुरती शिल्लक आहे की नाही, हेच मला माहीत नव्हतं. बाहेरचे परीक्षक वगैरे सोडा, मला आईची भीती होती.

पण एक दिवस मला लख्ख आठवत होता, आणि पुस्तक मी त्याच दिवसाचं केलं. तुम्हालाही तो विसरता आला नसेल. ट्रॅक्टर भाड्यानं मिळायला लागला होता, म्हणून तुम्ही पांढऱ्या आणि तांबड्याची जोडी विकायला काढली. आदल्या दिवशी तुम्ही घरात नाही असं बघून मी पोळ्याच्या उरलेल्या लाल ऑइलपेंटनं पांढऱ्याच्या पाठीवर, वशिंडाच्या थोडं मागं, चांगलं ताटाएवढं फूल काढलं. आपला बैल जातोय, तर नटून जाऊ दे. मग वर गोणपाट टाकलं आणि तुम्हाला सांगितलं, त्याला थंडी वाजतीय. तुम्हाला काय कौतुक वाटलं माझं! सकाळी टेम्पोतून दोघं गेलो, म्हणजे दोन बैल धरून चौघं. बाजारात एक जाडा व्यापारी येतो, दात बघतो, खूर बघतो, पायांवरून हात फिरवतो. तुम्ही खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकता आणि रुमालाखाली बोटांनी बोलणं सुरू होतं. भाव तोंडानं कुणी बोलायचा नाही, नाहीतर शेजारच्याला कळतो. तुमचं तोंड मख्ख, त्याचंही मख्ख. इकडं त्याच्या माणसानं जोडी चालवून बघायला गाडीला जुंपलेली. सौदा जमतच आलेला असतो, आणि चालता चालता गोणपाट घसरतं.

व्यापाऱ्यानं रुमालाखालून असा हात ओढला, जणू विंचू चावला. "आरं तिच्यायला! ह्ये काय हाय? पावणं, खोटा भवरा दडवता व्हय आमच्यापून?" केसांचा भोवरा नको त्या जागी असला की बैल कुणी घेत नाही, आणि माझं फूल नेमकं नको त्याच जागी. तुम्ही आधी फुलाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग टेम्पोवाल्याकडून रॉकेल मागून तुम्ही अर्धा तास पाठ घासली, तर फूल पसरून परातीएवढं झालं आणि भोवती माणसांची ही गर्दी! "रंगवायला शिंगं दिली व्हती ना त्याला देवानं? पाठ कशापायी रंगीवली?" असं ओरडून तुम्ही हात उगारलात, पण मारलं नाहीत. परतीच्या वाटेवर टेम्पोत तुम्ही नुसते त्या फुलाकडं बघत बसला होतात. मग एकदम खुसकन् हसलात, आणि गाव येईपर्यंत तुमचं ते हसू थांबलं नाही. जोडी आणखी दोन वर्षं घरीच राहिली. पुढच्या बाजाराहून येताना तुम्ही मला मेणाच्या खडूंची पेटी आणलीत आणि म्हणालात, "आता कागुद रंगीव, माजी बाय. जनावराला हात लावू नगंस."

पुस्तकासाठी मी हिवाळाभर पुण्याहून एसटीनं बेल्ह्याला जात होते. वही घेऊन उभी राहिले की गराडा पडायचा. "सर्वे हाय का काय, ताई?" "आमचं नाव लिवू नका बरं." एकजण तर हटूनच बसला, "माजा खोंड काढा, पन शिंगं जरा दनकट दावा, गिऱ्हाईक भुललं पायजे." मी काढलं. त्यानं वही उचलून थेट गिऱ्हाइकालाच नेऊन दाखवली, आणि ती परत मिळवायला मला टेम्पोंच्या तीन रांगा पालथ्या घालाव्या लागल्या. सगळे हातवारे, उभं राहायच्या तऱ्हा, रुमालाखाली गेलेले हात मी टिपून ठेवले. आणि तुमच्या आठवणीत जिथं जिथं भोक होतं, तिथं बाजारातलं काहीतरी घेऊन बुजवलं.

मधल्या दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र म्हणजे गोणपाट घसरतं तो क्षण. जोडी मात्र मला काही न बघता काढता आली. जुंपताना पांढऱ्या डावीचा आणि तांबड्या उजवीचा, त्यांची बाजू कधी बदलली नाही. पण माझी जोडी पानावर डावीकडं तोंड करून चालली होती. मॅडम म्हणाल्या, "आपण वाचतो डावीकडून उजवीकडं. तुझे बैल गोष्टीतून मागं निघालेत. चित्र फ्लिप करून बघ." कॉम्प्युटरवर हे एका बटणाचं काम आहे, अख्खं चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं होतं. केलं, आणि काय सांगू, चित्रात जीव आला! टेम्पोवरची अक्षरं उलटी झाली होती, तेवढी सरळ करून घेतली आणि छापायला दिलं. परीक्षक त्या पानापाशी बराच वेळ थांबले. एक बाई तर व्यापाऱ्याचं तोंड बघून खो खो हसल्या. एका प्रकाशकांनी ते पुस्तक काढायचं कबूल केलंय. त्यांना शेवटची चित्रं पुढच्या आठवड्यात द्यायची आहेत.

काल पुस्तक घरी आणलं. आईनं हात धुतले, पदराला पुसले, चष्मा लावला आणि एकेक पान असं उलटलं, जणू ओलं आहे. मधल्या पानावर थांबली. मग चष्मा सारखा करून म्हणाली, "बैल उलटं जुपल्यात गं. पांढऱ्या डावीचा व्हता. उजवीला जुपलं तर जागचा हलायचा न्हाई त्यो." मी कपाळावर हात मारून घेतला. चार मार्गदर्शक, तीन परीक्षक, अख्खा वर्ग, कुणाच्या बापाला कळलं नव्हतं, आणि शेतकऱ्याची पोर असून मला कळलं नव्हतं! दुसऱ्याच्या बैलाला सड आहेत म्हणून हसणारी मी. आई माझ्या तोंडाकडं बघून हसायला लागली, मग मीही.

मग तिनं बोट चित्रातल्या तुमच्यावर ठेवलं, आणि तिचा आवाज बदलला. "पन ह्ये बराबर काडलंस बग. डावा हात." मी म्हटलं, "काय?" "रुमालाखाली डावाच घालायचं की ह्ये. समदं डाव्यानंच करायचं, निस्तं जेवायचं उजव्यानं, ते मामंजींनी मारून शिकीवलं म्हून. घरी यून सांगायचं, यापारी लई चिडायचं, बोटं कुटनं मोजायची तेच कळंना त्यांना. त्यो जाडा तर शेवटी सोताच डावा हात फुडं करायला लागला. त्याचाबी डावाच काडलास की तू!" असं म्हणून ती पुन्हा हसली, चष्मा काढला, डोळे पुसले आणि पुन्हा लावला. फोटोकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. नुसतं त्या पानाकडंच बघत होती, आणि मध्येच म्हणाली, "आस्संच हुबं ऱ्हायचं."

मी आत जाऊन बॅगेतलं मूळ चित्र काढलं. फ्लिप करायच्या आधीचं, हातानं काढलेलं. त्यात बैल बरोबर आहेत, आणि रुमालाखाली गेलेला तुमचा हात उजवा आहे. बाजारात बघितलेले सगळे हात उजवे होते, म्हणून तुमचाही उजवा. बैलांच्या बाजू सोळा वर्षं माझ्या ध्यानात राहिल्या, तात्या, आणि तुमचा हात राहिला नाही. बटणानं तो परत आणला.

आज दिवसभर बैल नव्यानं काढतेय. पांढऱ्या डावीला, तांबड्या उजवीला. तुमच्या हाताला धक्का लावलेला नाही. आता हे लिहितेय ते त्याच मूळ चित्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, आणि लिहून झालं की हा कागद पोर्टफोलिओच्या तळाला जाणार आहे, आईचा हात पोचणार नाही अशा जागी. कारण काल ती पुस्तक मिटता मिटता म्हणाली, "येवढीशी व्हतीस गं तू. ह्यांचा हात कसा ध्यानात ऱ्हायला तुज्या?" आणि मी म्हणाले, "असं कसं विसरेन, आई?"