शनिवारचा पांढरा धूर

मी, कौतिक नथ्थू इंगळे, वय ६७, निवृत्त बॉयलर अटेंडंट, राहणार बऱ्हाणपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्या दबावाशिवाय लिहितो. डॉक्टरचा दाखला जोडला आहे. माझ्या माघारी कोणीतरी ‘म्हातारा भ्रमिष्ट होता’ म्हणणारच, आणि कोण म्हणणार तेही मला ठाऊक आहे.

१. राहतं घर पत्नी कोकिळा हिला, तिच्यानंतर नात प्राजक्ता हिला. मोतीलालशेटला किंवा त्याने पुढे केलेल्या माणसाला ते विकू नये. शेट तीनदा विचारून गेला. छपराच्या पत्र्याची चाळणी झालेलं घर कोणी प्रेमाने मागत नाही. त्याच्या कारखान्याच्या भिंतीला लागून तक्रार करणारं एवढं एकच घर उरलं, म्हणून मागतो.

२. पोस्टातली ठेव प्राजक्ताच्या औषधाला. पोर नऊ वर्षांची आहे आणि दम्याचा पंप ओढल्याशिवाय शाळेचा जिना चढत नाही.

३. शेटच्या कारखान्यातून निरोपाला मिळालेलं घड्याळ त्याला परत द्यावं. ते पहिल्या दिवसापासून मागे पडतं. माझं फावडं मुलगा ललित याला. तो शेटचा ट्रक चालवतो, यापेक्षा जास्त आज लिहीत नाही.

४. सात बाटल्या आणि एक वही. शेटच्या परवानगीच्या कागदावर इंधन लिहिलं आहे पांढरा कोळसा, म्हणजे पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळल्या झाडांच्या, भुशाच्या दाबलेल्या कांड्या. भट्टीत जळतं पेटकोक, तेलशुद्धीतला काळा उरलेला माल, गंधकाने भरलेला. त्याचे नमुने तारखेसह बाटल्यांत आहेत, रोजच्या नोंदी वहीत.

मी प्रदूषण मंडळाकडे दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा चौकशीची तारीख मला पत्राने आली, आणि दोन्ही वेळा त्याच सकाळी चिमणीतून पांढरा धूर! मंडळाचे साहेब बघून ‘सब ठीक है’ म्हणत गेले. म्हणजे तारीख माझ्याच घरातून फुटते. आता तिसरी तक्रार दिली आहे. तारीख आलेली नाही, पण मी तीन बनवल्या. ललितला सांगितलं, साहेब मंगळवारी येणार. सरकारी इंग्रजी पत्रं वाचून देणारा शेजारी भूपेंद्र, त्याला गुरुवार. कोकिळेला शनिवार. तिच्यावर संशय नाही, पण परीक्षा म्हटली की सगळ्यांची. फितूर सापडेपर्यंत बाटल्या कोणाला ते लिहिणार नाही.

दि. ३ फेब्रुवारी २०२५

पुरवणी

मंगळवारी धूर काळा. गुरुवारीही काळाच. शनिवारी सकाळी सातला पांढरा निघाला.

मी ओट्यावर उभा होतो. आत कोकिळा भाकरी थापत होती. मी काही विचारायच्या आत तीच बोलली, “हो, म्याच सांगितलं शेटच्या बाईले. तिन्ही बार.”

“अगं, नातीचा जीव जातो आहे!”

“मले दिसत नाही का ते? रात-दिस म्याच तिची पाठ चोयते. पन बावीस वरीस त्या भट्टीत ते काळं कोनं टाकलं? तुमीच ना? साहेब पहिले भट्टीवाल्यालेच धरतीन. शेट तं जमानत घेईन. तुमी कुठी जासान या वयात?”

मला फार राग आला. पण जे टाकलं ते मीच टाकलं, हे खोटं कसं म्हणू? नोकरीत असताना चौकशीच्या दिवशी पेटकोक ओढून काढून कांड्या भरणाराही मीच होतो. तिने तो विषय एकदाही कोणाकडे काढला नाही. मी मात्र पोटच्या पोरावर डाव टाकला. ललित, चुकलो रे. फावडं नको असेल तर घेऊ नको.

तिची भीती मी जिवंत असेपर्यंत जायची नाही, माझं तिने कधी ऐकलं आहे? म्हणून चौथं कलम असं पुरं करतो. बाटल्या आणि वही कोकिळेला. भट्टीत पेटकोक मी टाकला हा माझा कबुलीजबाब समजावा आणि वहीला जोडावा. माझी राख थंड झाली की तिने स्वतः जाऊन हे सगळं साहेबांच्या हातात द्यावं. तेव्हा मला कोणी धरू शकणार नाही.

सही: कौतिक नथ्थू इंगळे

आमच्या समोर सही केली:
१. भूपेंद्र (गुरुवार कोरा गेल्यामुळे साक्षीला घेतला)
२. धर्मेंद्र, अर्जनवीस (याला कोणतीच तारीख सांगितली नव्हती)

बऱ्हाणपूर, दि. ९ फेब्रुवारी २०२५