याडीच्या नावापुढचा नंबर

खेमा नाईक तांडा, ता. मंगरूळपीर, जि. वाशीम
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

माही रंजीता,

जय सेवालाल. तू, किशनभाऊ, दोन्ही पोट्टे बरे असान. आमी इकडे बरे हावो, म्हणजे जेवतो, झोपतो, कामाले जातो. तुही बकरी माह्याच दारात बांधली हाय. मागच्या बुधवारी व्याली. दोन पाठी झाल्या, एक काळी, एक बांडी. बांडी लय उपद्व्यापी हाय, माह्या रजिस्टरचं पान खाल्लं तिनं.

शनिवारी सेवालाल महाराजांची जयंती झाली, भोग लागला. गेल्या साली गोडाची कढई तुह्या मायकडे, आपल्या याडीकडे होती. औंदा आमी बायकांनी केली तर खालून लागली. खेमाकाका पहिला घास खाऊन म्हणे, "गोमती असती तर असं झालं नसतं." मंग सगळ्यांनी तेच लागलेलं खाल्लं.

आता तू म्हणशीन, दिवसभर हातात फोन घेऊन फिरणाऱ्या बाईले चिठ्ठी लिहाची काय बिमारी झाली. फोन केला ना वं तुले. तीनदा केला. तू "हं" म्हणली, अन् मी तुले हरभरा कसा आला ते सांगत बसली. एका वेळेस तर मी थंडीवर पाच मिनिटं बोलली. जे बोलाचं होतं ते तोंडात आलं की जीभ दुसरीकडेच पये.

मंगळवारी किशनभाऊचा फोन आला. म्हणे, "चंदाबाई, तुमी तरी समजावा. घास तोंडात घेते अन् थुकून टाकते. कोयता हातात धरून फडात उभीच राह्यते. एकच धोशा लावला तिनं, मीच याडीले टाकून आली, मीच मारली." त्यानं फोन ठेवला अन् मी चिठ्ठीसाठी कागद शोधाले लागली. कारण तू हे पहिल्यांदा म्हणली तवा मी तुह्या बाजूलेच बसली होती. मयतीच्या दिवशी. तू छाती पिटून म्हणत होती, "माहीच चूक झाली," अन् मी तुह्या पाठीवरून हात फिरवून राह्यली होती. "नाही" असं एकदाही नाही म्हटलं मी. तू आठव, नाही म्हटलं.

म्हणून आता लिहितो. पुरं वाच. मधात फाडू नोको.

दिवाळीनंतर तुमची गाडी ऊसतोडीले गेली, त्याच आठवड्यात दवाखान्यात नवा फॉर्म आला, टॅबमध्ये. मॅडमनं आमा सगळ्या आशांले बसवून समजावलं. म्हणे, गोळ्या देऊन भागत नाही, पेशंटच्या घरात काय हाय, काय नाही तेही इचाराचं. दोन वेळा जेवण होते का? एकटे राह्यता का? दवाखान्यात न्याले कोणी हाय का? जे नाही त्याच्यावर खूण कराची. मंग ते तिकडे वरती जाते, अन् ज्याले डबा पाह्यजे त्याले डबा, ज्याले गाडी पाह्यजे त्याले गाडी भेटते. मले लय आवडलं होतं ते. इतके साल झाले, मी घरोघरी वजनं घेतो अन् गोळ्या वाटतो, पण "तू जेवली का" हे इचाराले कोणी कागद दिला नव्हता.

पहिला फॉर्म याडीचा भरला. तिच्या पायाचा फोड तवाच चिघळला होता, शुगर वाढली होती. मी इचारलं, "याडी, दोन टाइम जेवतेस?" तर म्हणे, "मंग? उपाशी दिसतो का तुले?" मी उठून टोपल्यावरचं फडकं उचललं. सकाळची अर्धी भाकर होती, तेच रातचंही होतं. मी "नाही" वर खूण केली. "एकटी राह्यतेस?" तर म्हणे, "बकरी हाय ना." मले हासू आलं, तिलेही आलं. गाडीचं इचारावं लागलंच नाही, तांड्यातली गाडीवाली माणसं तर फडावर गेली होती. पट्टी कराले आठवड्यातून एकदा मंगरूळले नेणं भाग होतं, तिथं न्याले कोण होतं?

शेवटी मोबाईल नंबर आला. त्याच्याबिगर फॉर्म पुढे सरकत नाही. याडीपाशी फोन कुठचा? तू ठेवून गेली तो डबडा केव्हाचाच बंद पडला होता. मी म्हटलं, "रंजीताचा टाकतो." तर माह्या हाताले धरलं तिनं. म्हणे, "नोको वं. पोरगी घाबरून ऊस टाकून पयत येईन. तुहाच टाक."

मी माहा टाकला. याडीचाच नाही, ज्याच्यापाशी फोन नाही त्या सगळ्यांचा तसाच टाकला. सव्वीस म्हाताऱ्या माणसांच्या नावापुढे चंदाचा नंबर. फॉर्म लवकर भरून झाले, मॅडमनं मीटिंगमध्ये माहं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. मी कोणाले सांगतलं नाही, अन् कोणी इचारलंही नाही.

मंग मी याडीले सांगतलं, पट्टीचा वार मंगळवार, त्या दिवशी गाडी येईन. तिनं ते मनावर घेतलं वं. दर मंगळवारी आंघोळ करे, पायाले चांगलं फडकं गुंडाळे, ठेवणीतली घेराची फेटिया घालून ओट्यावर बसे. मी गेली की इचारे, "आली का गाडी?" मी म्हणो, "सरकारी काम हाय याडी, थोडा वेळ लागते." मी आपलं फडकं बदलून देओ, मलम लावून देओ. पाच मंगळवार बसली ती तशी. सहाव्या मंगळवारी तिले उठताच आलं नाही. बाजूच्या गावच्या अमरदीपनं मोटरसायकलवर आमा दोघांच्या मधात बसवून नेलं. मंगरूळ यायच्या आधीच तिनं माह्या खांद्यावर मान टाकली.

तुमी आले तवा सगळे म्हणत होते, सरकारचं असंच राह्यते, फॉर्म भरून घेते अन् कोणी येत नाही. मीही मान हालवली. मलेही तेच खरं वाटत होतं. देवाशपथ, तवापर्यंत वाटत होतं.

तू परत गेली त्याच्या दुसऱ्या सोमवारी दवाखान्यातला विकास, तो कॉम्प्युटर पाह्यतो ना, त्यानं मले बाजूले बोलावलं. स्क्रीन दाखवली. याडीच्या नावापुढे लिहिलं होतं, गाडी मंजूर. डबा मंजूर. फोन केला, तीन वेळा. उत्तर नाही. प्रकरण बंद.

तीन तारखा होत्या, तीन टाइम होते. अन् नंबर माहा.

रंजीता, ते फोन मले आले होते. एक बाई बोलते, टेपवरची. "नमस्कार, आपल्या आरोग्य केंद्राकडून..." इतलं झालं की मी कट करो. दिवसभर त्या सव्वीस जणांचे मेसेज अन् फोन येत, अन् मधात कंपन्यांचेही येत. मी ऐकणंच सोडलं होतं. पुढे ती नाव घेते अन् म्हणते, मदत पाह्यजे असन तर एक दाबा. एक दाबाचं होतं फक्त.

अजून एक सांगाचं हाय. याच्याचसाठी चिठ्ठी लिहाले बसली. हे सोडून बाकी सगळं लिहून झालं.

तिसऱ्या फोनची तारीख मी पाह्यली. मंगळवार, साडेअकरा. त्या टाइमले मी याडीच्याच ओट्यावर बसली होती. तिनं काळा चहा केला होता. ती फेटिया घालून रस्त्याकडे पाहून राह्यली होती अन् माह्या हातात फोन वाजला. याडी म्हणे, "उचल ना वं, कोणाचं काम असन." मी म्हटलं, "कंपनीचा हाय याडी, नुसते पिडते," अन् कट केला. तिचीच गाडी होती ती. तिच्याच समोर कट केली.

विकास चांगला पोरगा हाय. म्हणे, "चंदाताई, नंबर बदलून टाकतो, कोणाले समजत नाही." मी त्याले नोको म्हटलं, पण मॅडमले सांगाले मले बारा दिवस लागले. ते बारा दिवस मी तुले हरभऱ्याचं सांगत होती. आता मॅडमले सगळं लेखी दिलं हाय. काम ठेवतात की काढतात ते त्यायचं ते पाहतीन. बाकीच्या पंचवीस घरी मी पायी जाऊन खरे नंबर घेतले, कोणाच्या पोराचा, कोणाच्या शेजाऱ्याचा.

एक नंबर राह्यला होता. गेल्या गुरुवारी तीच टेपवाली बाई पुन्हा बोलली. ह्या वेळेस मी श्वास धरून ऐकलं. "गोमतीबाई, आपली गरज पूर्ण झाली का? झाली असल्यास एक, नसल्यास दोन दाबा." मी दोन दाबला. काहून दाबला मले नाही समजत. खोटं कसं सांगू, असं वाटलं असन. ती म्हणे, "धन्यवाद. आपली मागणी पुन्हा पाठवली आहे."

अन् परवा मंगळवारी गाडी आली.

खरंच आली वं. पांढरी, आत गादी टाकलेली, सकाळी दहाले. तुह्या घरासमोर उभी राह्यली अन् हॉर्न वाजवला. बकरी ओरडाले लागली. ड्रायव्हर धम्मरत्न नावाचा, भला माणूस, खाली उतरून इचारते, "गोमतीबाई कोण? मी हात धरून चढवतो त्यायले." मी म्हटलं, "भाऊ, त्या गेल्या. सहा आठवडे झाले." तो म्हणे, "बाई, फोटो काढावा लागते." त्यानं कुलूप लावलेल्या दाराचा फोटो काढला. त्याच्या मोबाईलमध्ये पेशंट वारल्याची खूण नव्हती. त्यानं "लाभार्थी घरी नाही" वर बोट ठेवलं अन् गेला.

एका बोटाचं काम होतं, रंजीता. तू टाकून नाही गेली याडीले. तू पोटासाठी गेली, अन् माह्या भरोशावर ठेवून गेली. चूक माही हाय. तू ती कायले डोक्यावर घेऊन फडात उभी राह्यतेस? ठेव ती खाली. माही मले परत दे.

माफी मागत नाही. मागाले तोंड नाही. तांड्यावर येशीन तवा माह्या दारावरून जाजो नोको वाटलं तर, मी समजून घेईन. बकरी खेमाकाकाकडे बांधून ठेवीन. पण जेवजो. आज ही चिठ्ठी वाचून झाल्यावर एक भाकर पुरी खाजो, याडीची आन हाय तुले.

फोन वाजला की मी आता उचलतो, कोणाचाही असो. तू शिव्या द्याले लावला तरी पुरं ऐकीन.

तुह्या याडीचा नंबर जिच्यापाशी होता, ती
चंदा