ओढ्यापलीकडचे बाण

५ नोव्हेंबर

शेवटचा चांगला बाण आज मोडला! सासरे रानससा मारायला गेले होते. बाण खडकावर आपटला आणि उभा चिरला. घरी येऊन त्यांनी दोन्ही तुकडे भट्टीजवळ ठेवले आणि चहा मागितला. एवढंच. 

सासऱ्यांचं नाव सादिर. सुनेनं ते तोंडानं घ्यायचं नसतं, आणि मी कधी घेतलेलंही नाही. पण कागदाला कसलं सोवळं? सादिर, सादिर, सादिर! झालं, घेतलं.

शिंगाचं धनुष्य त्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. बाण मात्र त्यांना करता येत नाहीत. ते करायचे धाकटे भाऊ केंजेबेक, म्हणजे माझे चुलतसासरे. ओढ्यापलीकडेच राहतात. इथून हाक मारली तर ऐकू जाईल. नऊ हिवाळे कुणी मारलेली नाही.

६ नोव्हेंबर

कणीक मळता मळता आपांनी (सासूबाईंनी) ते जुनं रामायण पुन्हा सांगितलं. आजेसासूबाईंच्या वर्षाच्या जेवणाला घोडा कापला होता. कुणाच्या पानात कुठलं हाड जायचं, ते मानाप्रमाणे ठरलेलं असतं. वाढणाऱ्यांनी घोळ घातला. केंजेबेककाकांपुढे मांडीचं हाड यायचं ते आली बरगडी! तीही व्याह्यांच्या देखत. सासऱ्यांनी उठून पान बदलायला हवं होतं. ते बसून राहिले. काकांनी हात पुसले, घोड्यावर बसले आणि गेले.

"चूक झाली, एवढं म्हणायचं होतं," आपा म्हणाल्या. "पण यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दाढ उपटण्यासारखंच."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, डॉक्टरनं खांदा बघितलाय, पुढच्या हिवाळ्यात हे धनुष्य ताणता यायचं नाही. मग ते कायमचं खुंटीला लागणार. आणि एकदा खुंटीला लागलं की या दोघांनी एकमेकांचं तोंड बघायला कारणच उरणार नाही. दोघं असेच जातील.

हे ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

९ नोव्हेंबर

गेलेच मी! बोरसोक, म्हणजे कणकेचे गोळे, तळले, फडक्यात बांधले आणि सरळ ओढा ओलांडून गेले. नवरा रशियात, विचारणार कुणाला? काका दारातच उभे होते. मी म्हटलं, बाण हवेत. कुणाला, ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

काकांनी आढ्यावरून बर्चच्या झाडाच्या काड्यांची मोळी खाली घेतली. किती वर्षं वाळवलेल्या, देव जाणे. मी पटापट सरळसोट, देखण्या काड्या वेगळ्या काढल्या. काकांनी त्यातल्या अर्ध्याअधिक चुलीकडे फेकल्या. एकेक काडी अंगठ्यावर टेकवून वाकवायची आणि सोडायची. दगडावर हलकेच टाकून आवाज ऐकायचा. बदबद वाजली की बाद. मला सगळ्यांचा आवाज सारखाच वाटला. काका म्हणाले, "तुझ्या पोरांपैकी कोण रडतंय, ते तुला न बघता कळतं ना? तसंच आहे हे."

बुंध्याकडचं टोक फाळाकडे, म्हणजे बाणाच्या पात्याकडे, शेंड्याकडचं दोरीकडे. वाकडी असेल ती निखाऱ्यावर शेकून गुडघ्यावर सरळ करायची. त्यांचे हात बघत मी इतका वेळ बसले की घरी दूध उतू गेलं. आपांनी पातेलं घासायला लावलं. पण घासलं आनंदानं!

१२ नोव्हेंबर

काकांनी नुसत्या काड्या दिल्यात. टोकाला फाळाच्या वजनाचं लोखंड, पण पिसं नाहीत. पिसं चूक झाकतात म्हणे. आधी उघडी काडी मारून बघायची.

त्या मी ओसरीत ठेवल्या. सासऱ्यांनी एक उचलली, फिरवली, सरसाचा वास घेतला. विचारलं, कुठून आणल्या? मी म्हटलं, बाजारातून.

"बाजारात हल्ली बरे हात आलेत," म्हणाले.

मग धनुष्य काढलं. अंगठ्यात हाडाची अंगठी घातली आणि मातीच्या ढिगावर चार काड्या मारल्या. सत्तरीला टेकलेला माणूस, पण दोरी ताणताना पाठ अशी ताठ! मी बघतच राहिले. कुठे लागल्या ते नीट ध्यानात ठेवलं आणि पळाले काकांकडे.

तिथे बोलणी खाल्ली.

"कुठे लागली ते मला नको सांगूस पोरी. ते मारणाऱ्याचं. रुतली तेव्हा शेपूट कुणीकडे होतं?"

शेपूट! मी बघितलंच नव्हतं.

१३ नोव्हेंबर

आज बघितलं. काडी ढिगात रुतली की शेपूट डावीकडे कलतंय. काका म्हणाले, मग काडी ताठ पडतेय, धनुष्याला वळसा घालून जाताना वाकत नाही. तासणीनं अंगाभोवती दोन हात फिरवले. भुसा पडला तो इतकासा, मुंगीनं उचलून न्यावा. म्हणाले, आता बघ.

दुपारी शेपूट जवळजवळ सरळ! ज्या धनुष्याला नऊ वर्षं बोट लावलं नाही, ते त्यांना माझ्या तोंडून दिसतंय. भावाचा हात किती लांब ताणतो, दोरी सोडताना मनगट कसं वळतं, सगळं ते धरून चाललेत. मला विचारतही नाहीत. विचारतात फक्त शेपूट.

१६ नोव्हेंबर

कान धरावा अशी चूक केली. काकांकडे गिधाडाच्या पिसांच्या दोन पिशव्या आहेत, एक उजव्या पंखाची, एक डाव्या. मी मदत करायला गेले आणि दोन्ही एकत्र ओतल्या! एका बाणाला तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची लागतात, नाहीतर बाण हवेत बावचळतो. काकांनी रिकाम्या पिशव्या माझ्यापुढे सरकवल्या आणि नुसतं बघितलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं. संध्याकाळपर्यंत मी एकेक पीस वेगळं करत बसले. आता कुठलंही पीस डोळे मिटून सांगीन!

१९ नोव्हेंबर

बाण तयार. रानबोकडासाठी रुंद फाळाचे. रुंद पातं म्हणजे पुढे लावलेला पंखच, जरा तिरकं बसलं की बाण भलतीकडे जातो. म्हणून प्रत्येक बाण काकांनी टोकावर उभा करून भोवऱ्यासारखा फिरवून बघितला. थरथरला की पातं काढून पुन्हा बसवायचं. एका बाणासाठी तर सकाळ गेली. माझी चुळबुळ चालली होती. त्यांची नाही.

अंगणात सासऱ्यांनी पहिला मारला. बरोब्बर ढिगाच्या मध्यात. दुसरा त्याला चिकटून. सासरे हसले! आपा खिडकीतून म्हणाल्या, "आज काय सणबिण आहे का?"

२० नोव्हेंबर

सासरे वरच्या कुरणावर गेले. मेंढपाळाच्या झोपडीत मुक्काम.

२३ नोव्हेंबर

परत आले. रिकामे.

जवळच बोकड उभा होता म्हणे. बाण डावीकडून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, पुन्हा डावीकडून. खोगीर उतरवतानाच म्हणाले, "त्याचा हात गेला."

त्याचा! नऊ हिवाळ्यांनी भावाचा उल्लेख केला तोही असा. माझा संताप झाला. ताट आदळलंच मी. ते बघून न बघितल्यासारखं करत जेवत राहिले.

२४ नोव्हेंबर

काकांना काय तोंड दाखवू म्हणत गेले. सांगताना रडूच आलं. "हात गेला" हे मात्र सांगितलं नाही. काकांनी कुरुताचा, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा, खडा तोंडात टाकला. मग म्हणाले, "धनुष्य रात्री कुठे असतं?"

भट्टीमागच्या भिंतीला, मी म्हटलं. पूर्वी खोगिराच्या खोलीत असायचं. सासऱ्यांचे गुडघे दुखायला लागले तसे ते स्वतः भट्टीपाशी झोपायला आले आणि धनुष्यही बरोबर आणलं.

"शिंगाचं धनुष्य उबेत ढिलं पडतं. थंडीत तरणं होतं, जोर धरतं. तुम्ही अंगणात ऊब खाल्लेलं धनुष्य मारलंत, डोंगरावर मारलं गारठलेलं. त्याच्यापुढे माझे बाण नरम पडले, म्हणून डावीकडे गेले. चूक माझी. विचारायला हवं होतं."

विचारायला हवं होतं! कुणाला विचारणार होते? एक वाक्य विचारायला मधे आख्खा ओढा. मला दोघांचाही इतका राग आला! आणि दोघांची इतकी कीवही.

२५ नोव्हेंबर

सासऱ्यांना हे सांगायचं कोण? "धनुष्य भट्टीपाशी नेलंत तिथं घोळ झाला, असं तुमचा भाऊ म्हणतो" हे वाक्य या घरात कोण बोलणार? मी तर नाही.

जेवणं झाल्यावर मी गुपचूप धनुष्य काढलं आणि खोगिराच्या खोलीत टांगलं.

२६ नोव्हेंबर

सकाळी सासऱ्यांनी भट्टीमागच्या रिकाम्या खुंटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी शेण्या भट्टीत सारत होते, मान वर केली नाही. कोट घातला, काठी घेतली आणि स्वतः खोगिराच्या खोलीकडे गेले. अंगणातल्या कडाक्याच्या थंडीत तिथूनच बाण मारला. त्या दिवशी ढिगाच्या मध्यात लागलेला, आज गेला डावीकडे. कितीतरी वेळ त्या बाणाकडे बघत उभे राहिले. मग आत येऊन, कुणाकडेही न बघता म्हणाले, "बाजारवाल्याचं चुकलं नव्हतं. सांग त्याला."

पळतच सुटले मी! ओढ्यावरच्या बर्फावर आपटले, ढोपर फुटलं, तरी तशीच गेले. काकांना शब्दन्‌शब्द सांगितला. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि चुलीतले निखारे उगाचच हलवत बसले.

२ डिसेंबर

नव्या काड्या. जास्त ताठ. रोज सकाळी गारठलेलं धनुष्य, उघडी काडी, शेपूट. मी ये-जा करतेय. बर्फात माझी वाट पडलीय.

६ डिसेंबर

शेपूट सरळ!! सांगायला निघाले तर काका ओढ्याच्या काठावर उभे. हातात बादली, म्हणाले पाण्यासाठी बर्फ फोडतोय. कुऱ्हाड कुठाय? आणलीच नव्हती. मी काठावरूनच हात सरळ करून दाखवला. त्यांनी बादली उचलली आणि रिकामीच घरी नेली.

११ डिसेंबर

सासरे डोंगरावर गेले. खांदा शेकून, बांधून. आपा दिवसभर दारात.

१४ डिसेंबर

बोकड मिळाला! एकाच बाणात. बरगड्यांतून आरपार. असं काही बघितलं नाही, म्हणाले सासरे, आणि हे वाक्य त्यांच्या मानानं भाषण झालं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. शिकार घेऊन येणाऱ्याला वाटेत कुणी "शिरालगा" म्हटलं की वाटा द्यावाच लागतो. नाही म्हणायची सोय नाही. पण आधी मागणाऱ्यानं मागायचं. सासरे सरळ घरी आलेच नाहीत. ओढ्यापलीकडच्या वाटेनं काकांच्या फाटकापर्यंत गेले. तिथे घोडा थांबवून खोगिराचा पट्टा आवळत बसले. पट्टा घट्टच होता. मी इकडून बघत होते. काकांच्या खिडकीचा पडदा हलला. दार काही उघडलं नाही.

शेवटी घरी आले. वाटलं, संपलं सगळं.

आपा सुरी घेऊन आल्या. सासऱ्यांनी बोकड घोड्यावरून उतरवला, पण फाटकाच्या आत आणला नाही. बाहेर घसरगाडीवर ठेवला. म्हणाले, "आत आणू नका. बाहेर आहे तोवर वाटेवरच आहे."

आणि मेंढीच्या कातड्याचा कोट अंगावर घेऊन त्याच्याशेजारी बसले. कुत्री हाकलत.

१५ डिसेंबर

अजून बाहेरच. आपांचा तोंडाचा पट्टा चालू आहे: खांदा, गुडघे, म्हातारपण, अक्कल. सासरे एक शब्द कानावर घेत नाहीत. चहा तिथेच, जेवण तिथेच. झोपायला तेवढे आत आले, तेव्हा मला राखणीला बसवलं! येणारेजाणारे बघतात आणि मान वळवतात. सगळ्या गावाला माहीत आहे हा बोकड कुणाची वाट बघतोय. कुणीही "शिरालगा" म्हणत नाहीये. देव त्यांचं भलं करो!

काकांकडे जाऊन आले. म्हटलं, तिकडे म्हातारा माणूस बर्फात बसलाय. म्हणाले, "बाण मिळाले, बोकड मिळाला. माझं आता काय काम आहे तिथं?"

मीही सुनावलं. म्हटलं, "काका, तुम्ही बाणाचं शेपूट बघता. जरा माणसाचंही तोंड बघा." आयुष्यात पहिल्यांदा सासरच्या वडीलधाऱ्याला उलटून बोलले. 

१६ डिसेंबर

सकाळी काका आले. फाटकाशी थांबले. म्हणाले, "शिरालगा."

सासरे उठायला गेले, गुडघे धरले होते, उठता येईना. काकांनी हात दिला. सासरे म्हणाले, "सगळा घे. त्या दिवशी मी उठायला हवं होतं."

आता दोघं भट्टीपाशी बसून भांडताहेत. बोकडाला बाण डावीकडून लागला की उजवीकडून, यावर. घर डोक्यावर घेतलंय. आपा म्हणतात, गप्प बसव त्यांना. मी नाही बसवणार!